गढूळ पाण्याची बाटली

शाहूवाडीहून कोल्हापूरला येताना एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर गढूळ पाण्याची बाटली, तिच्यावर ओला रुमाल. ऊन आलं की त्या बाटली सावलीला सरकवत. मला वाटलं, हे पाणी पितात की काय!

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, ते घाण पाणी वता की भाईर. माझ्याकडं चांगलं हाय."

त्यांनी बाटली छातीशी धरली. मग मला राहवेना, मी विचारलंच. त्यांनी सांगितलं, एका शेतात बुरशीनं सगळा भुईमूग कुजला होता, एकच रोप हिरवं राहिलं होतं. त्याच्या मुळांजवळच्या मातीतले जिवाणू बुरशीला रोखणारं काही तयार करतात का, हे त्यांना प्रयोगशाळेत तपासायचं होतं. म्हणून त्यांनी ते रोप मागितलं.

"पावणीला चिखलाचं कसं द्यायचं, म्हणून शेताच्या मालकांनी मुळं बादलीत घासून धुतली! नशीब, बादली ओतली नव्हती. त्यातलंच हे पाणी," त्या म्हणाल्या.

"औषध सापडेल यात?"

"काय माहीत! बाकीची का मेली ते कळलंय. हे एक का जगलं, ते बघायचंय."

कंडक्टरही तिकिटाचं मशीन थांबवून ऐकत होता.

स्टँडवर त्या उठल्या, तसा तो दारातल्या गर्दीवर ओरडला, "सरका की! मॅडमच्या हातात पाणी हाय!"