उजव्या बाजूची झाकणं

मोताळ्यात हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे अख्ख्या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस आमच्याच घरात राहत होता. माझे धाकटे दीर. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं कूलरच्या बॉड्या तयार करायचं दुकान होतं आणि पत्रा कापण्यात चाळीस वर्षं गेली होती. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "कोनत्या बाईले किती हवा लागते थे कोन पाहत बसन, वहिनी?" खिशात उदबत्तीचा पुडा असायचा. कोणाच्याही घरी गेले की पाणी नंतर, आधी उदबत्ती. ती पेटवून दारातून खिडकीकडे, खिडकीतून कपाटाकडे धुराच्या मागे फिरायचे. एकदा आम्ही दोघं एका मयताच्या घरी भेटायला गेलो. मी त्या घरच्या बाईंशी दोन शब्द बोलत होते, तेवढ्यात भाऊजींनी फोटोपुढची उदबत्ती उचलली आणि खिडकीशी नेली. "तुमची हवा कोंडून राह्यली," ते म्हणाले, "कपाट सरकवा." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण त्या लोकांनी कपाट सरकवलं आणि तेराव्याला स्वतःहून सांगितलं की आता बरं वाटतं.

कामाच्या बाबतीत त्यांचा एक शब्द गावात प्रसिद्ध होता. दुसऱ्याचं काम पाहून ते नुसतं "चालते" म्हणाले, की समजायचं, हे भंगार आहे. एका गिऱ्हाइकाने नवा कूलर पाहून "चालते" म्हटलं, तर भाऊजींनी त्याच्यासमोर तो पूर्ण खोलला. "चालते म्हंजे काय? बैलबी चालते," म्हणाले आणि आठ दिवसांनी दुसरा करून दिला.

रेसच्या गाड्या त्यांच्या आयुष्यात टीव्हीवरून आल्या. त्या लांबुळक्या, एका माणसाच्या, उघड्या चाकांच्या गाड्या. मला त्यांचा आवाज सोसवत नसे, म्हणून ते आवाज बंद करून पाहायचे. त्यांना इंजिनाशी काही घेणं नव्हतं, कोण जिंकलं याच्याशीही नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्या गाड्यांच्या चाकांवर बाहेरून गोल झाकणं बसू लागली आणि भाऊजी खाटेवरून उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले. "मी तुमाले सांगत नोतो?" मला त्यांनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं. "उघडं चाक म्हंजे चक्की हाय, वहिनी. हवेले दळते, मंग थे हवा लडखडत मांगं जाते, गाडीले खेचते. झाकण लावलं का गुमान निंगून जाते." मी गणिताची शिक्षिका आहे. ऐकलं, आणि वह्या तपासायला घेतल्या. चार दिवसांनी त्यांच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांवर पत्र्याच्या चकचकीत थाळ्या होत्या. त्या लावून ते राजूर घाटातून बुलढाण्याला निघाले. घाटात आडवा वारा आला, त्याने थाळीला धक्का दिला आणि भाऊजी स्कूटरसकट घाणेरीच्या झुडपात गेले. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा कोपराला पट्टी होती आणि चेहरा उजळलेला. "समोरच्या चाकाले दोनचाकीत लावू नये," ते म्हणाले. "आन् ब्रेक लय तापले. फटी पाहिजेत, कूलरसारख्या, तिरप्या." नर्सला वाटलं डोक्याला मार लागला आहे. मी तिला सांगितलं, नाही, हे आधीपासूनचं आहे.

मग हात थरथरू लागले. आधी आम्ही वयाला दोष दिला, मग डॉक्टरांनी कंपवात असं नाव सांगितलं. दुकान हळूहळू दुरुस्तीपुरतं उरलं. सकाळची गोळी लागू पडली की तासभर हात स्थिर असायचे. तेवढ्या तासात ते जे करतील ते काम, बाकी दिवसभर हात काखेत दाबून बसणं. अशात माझी एक जुनी विद्यार्थिनी, प्राजक्ता, घरी आली. जिल्ह्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात होती. तिच्या वर्गाने एका माणसाची, उघड्या चाकांची रेसची गाडी तयार केली होती आणि चाकांना झाकणं हवी होती. तिने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडचे ते काका अजून पत्र्याचं काम करतात का?" भाऊजी आतल्या खोलीतून ओरडले, "करतो!" मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. त्यांनी ते पाठीमागे घेतले.

तीन महिने, रोज सकाळचा तो एकच तास. ॲल्युमिनियमचा पत्रा, घुमटासारखा फुगवटा, आणि प्रत्येक झाकणात मधून कडेकडे जाणाऱ्या चोवीस फटी. प्रत्येक फटीची एक कड छन्नीने तिरपी उचललेली. चारही झाकणं एकावर एक ठेवली तर फटीवर फट बसायची. मी पट्टी लावून पाहिली. गणिताच्या बाईने इतकं तरी करावंच. कुठेही फरक नव्हता. ते मला म्हणाले, "वहिनी, हे माहं शेवटचं काम. याच्यामंदी चालते नाही पाहिजे."

स्पर्धेला आठ दिवस असताना पोरं गाडी टेम्पोत घालून दुकानासमोर आली. झाकणं बसवली, गाडी लोखंडी घोडीवर चढवून चाकं अधांतरी केली, इंजिन सुरू केलं. मागची चाकं फिरू लागली आणि भाऊजींनी साहजिकच उदबत्ती पेटवली. डाव्या चाकाशी धरली: धूर फटींतून निघालेल्या हवेबरोबर बाहेर उडाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग ते उजव्या चाकाकडे गेले. धूर सरळ फटींत शिरला. बाहेर नाही, आत. त्यांनी दुसऱ्यांदा धरली. तिसऱ्यांदा. मग खाली बसले.

प्राजक्ताच्याही लक्षात आलं होतं. ज्या त्या बाजूला उभं राहून पाहिलं तर डावीकडचं चाक एका दिशेने फिरतं आणि उजवीकडचं उलट्या. फटीही उलट्या हव्या होत्या. फुगवट्यामुळे झाकण पालथं घालूनही चालणार नव्हतं. "चाळीस वर्सं कूलर केले," भाऊजी मला म्हणाले. "कूलरले एकच तोंड राह्यते, वहिनी. माह्या ध्यानातच नाही आलं."

"काका, आपण डावीकडेच लावू. उजवी बाजू उघडीच जाऊ दे," प्राजक्ता म्हणाली.

"काऊन वं? एका पायात चप्पल घालून लग्नाले जातं काय तू?"

त्या आठ दिवसांत गोळीचा तास पाऊण तास झाला, मग अर्धा. दुसऱ्या दिवशी छन्नी त्यांच्या हातातून तीनदा पडली. मी शाळेत रजा टाकली, पदर खोचला आणि छन्नी उचलली. त्यांना आवडलं नाही. ते माझ्यामागे हात काखेत घेऊन उभे राहिले आणि चार दिवस बोलत राहिले. "हळू. पोट्ट्याले मारून राह्यल्या काय?" "कड उचला, उपटू नका." "हे फट नाही, वहिनी, हे भोक हाय." मी म्हटलं, "भाऊजी, एक शब्द अजून बोललात तर हातोडी तुमच्याकडे येईल." त्यांच्या बोटांकडे मला तेव्हा पाहवलं नाही. बोटं काखेतल्या काखेत माझ्या हातोडीच्या तालावर हलत होती. शेवटच्या संध्याकाळी मी दोन्ही झाकणं त्यांच्यापुढे ठेवली. निदान सहा फटी वाकड्या होत्या, मला दिसत होत्या. त्यांनी प्रत्येक फटीवरून अंगठा फिरवला. अठ्ठेचाळीस फटी, मी मोजल्या. मग म्हणाले, "चालते."

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

गाडी धावली. कितवी आली ते आता आठवत नाही, पहिली नव्हती. प्राजक्ताने माझ्या फोनवर व्हिडिओ पाठवला: गाडी वळणावरून येते आणि पाच सेकंदांत जाते. पोरं मैदानाच्या ज्या बाजूला उभी होती तिथून गाडीची उजवी बाजू दिसत होती. माझी झाकणं. भाऊजींनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. मग फोन परत देत म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं कोनी उभं नोतं काय?"

मी प्राजक्ताला फोन केला. तिने सगळ्यांना विचारलं. कोणी नव्हतं.

"नव्हतं," मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग होता?

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमचे झाकनं दिसले ना. हवा बाहीर गेली असन. तेवढंच काम होतं." त्यानंतर त्यांनी टीव्हीवरची रेस कधी लावली नाही. चैत्रात गेले.

पोरांनी पुढच्या वर्षासाठी ती गाडी खोलली. डावीकडची झाकणं कुठे गेली, त्यांना सांगता आलं नाही. भाऊजींची चुकलेली, उजवीकडची दोन मात्र आमच्याकडेच होती. त्यातलं एक मी त्यांच्या खोलीतल्या जुन्या कूलरच्या तोंडावर बसवून घेतलं. त्याची जाळी गंजली होती आणि झाकण बरोबर मापाचं निघालं. त्या फटींतून हवा सरळ येत नाही. गोल फिरत, तिरपी येते. महिन्याभराने त्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, तर धूर फोटोला शिवेचना. फिरत फिरत त्यांच्या खाटेच्या उशाकडे जायचा आणि तिथेच विरायचा. आमचे हे म्हणाले, कूलर थोडा वळवून ठेव.

मी कूलर हलवला नाही. खिळा उपटला आणि फोटो उशाच्या भिंतीवर लावला.