कोरा फ्रॉक

परवा पुतणीसाठी हौसेनं फ्रॉक आणला, तो तिच्या बाहुलीला बसला. घरात सगळे हसले. मी मात्र कोऱ्या कापडाच्या त्या वासानं मुलचेऱ्याजवळच्या एका बालगृहात पोचलो.

तेव्हा नवं लग्न झालेलं, त्यात समाजसेवेची खाज, म्हणून तिथं कामाला लागलो होतो. तिथल्या पहिल्याच आठवड्यात मी पाच वर्षांच्या सुमीला फ्रॉक दिला. तो घालून ती थेट फाटकापाशी जाऊन बसली. पोरं चिडवायला लागली, "तुले कोनी नाई नेत."

स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "भाऊ, इथी नवा कपडा लेकराले कोनी दत्तक घेऊन घरी नेताना देतेत. आता तुमीच सांगा तिले."

मी सांगितलं. थोड्या वेळानं तिनं फ्रॉक घडी घालून परत आणून दिला. "मंग कोनाले नेता?" तिनं विचारलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिले आनू म्हटलं असतं तं मी नाईच म्हटलं असतं. पन तुमी विचारलंबी नाई."