चेहरा सृष्टीचा, अंगठा बानाबाईंचा

बानाबाई देवकते आमच्या कॉलेजात शिकायला आल्या त्या चुकून. हे त्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना जराही लाजत नाहीत.

उस्मानपुऱ्यातलं आमचं कॉलेज जरा वेगळ्या घडणीचं आहे. इथं कॉम्प्युटर सायन्स आणि माहिती प्रणाली शिकणाऱ्यांना तत्त्वज्ञानाचाही पेपर द्यावा लागतो आणि नाटकवाल्यांची संख्याशास्त्रातून सुटका नसते. याला लिबरल आर्ट्स म्हणतात. बिडकीनच्या गाडीत कुणी विचारलंच तर आमची पोरं ‘आर्ट्सच हाय, पण कॉम्प्युटर हाय’ एवढं सांगून मोकळी होतात. मी इथला ग्रंथपाल. परीक्षा आल्या की पर्यवेक्षक.

बानाबाईंचं लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलं. लग्नानंतर त्या खंडेरावांबरोबर बिडकीनजवळ स्थिरावल्या आणि अंगणवाडीत मदतनीस झाल्या. बढतीला बारावी लागते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून बेचाळिसाव्या वर्षी घरी अभ्यास करून त्या बारावी झाल्या. बढती काही मिळाली नाही, तेव्हा ते काम सोडून त्या घरची मेंढरं बघू लागल्या. आलेली गुणपत्रिका त्यांनी मुलीच्या, म्हणजे सृष्टीच्या, कागदांबरोबर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून दिली.

सृष्टी बारावी झाली तेव्हा मायलेकी ती पिशवी घेऊन शहागंजातल्या एका फॉर्म भरणाऱ्या दुकानात गेल्या. दुकानात ही गर्दी. त्या माणसानं पिशवीतून हाताला आली ती गुणपत्रिका घेतली, हाताला आलं ते आधार कार्ड घेतलं. फोटो तेवढा सृष्टीचा लावला. स्क्रीन फिरवून म्हणाला, “देख लो, बराबर है ना?” दोघींनी फोटो पाहिला. “बराबर हाय,” म्हणाल्या.

यादी लागली. कॉम्प्युटर सायन्स, शेवटची जागा : देवकते बानाबाई खंडेराव.

नवरा-बायको आणि मुलगी अशी तिघं ऑफिसात आली. आमचे हेडक्लार्क काकासाहेब सज्जन माणूस. नियमाबाहेर त्यांनी आजवर साधी खुर्चीसुद्धा सरकवलेली नाही. त्यांनी कॉम्प्युटरात पाहिलं आणि चष्मा काढला.

“एक सत्र पूर्ण झाल्याशिवाय नोंदीत दुरुस्ती होत नाही. सिस्टिमच उघडत नाही.”

“मंग तवर?” खंडेरावांनी विचारलं.

“तोवर विद्यार्थ्याची पंच्याहत्तर टक्के हजेरी पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.”

“इद्यार्थी कोण पण?”

“बानाबाई.”

खंडेरावांनी थोडा विचार केला आणि बायकोकडं वळून म्हणाले, “मंग बस की तू. एसटीत रुमाल टाकून जागा धरतो, तसं. पोरीची जागा हाय, जाऊ द्यायची नाय.”

एवढ्यावर भागलं असतं, पण आमच्या गेटावर चेहरा ओळखणारं यंत्र आहे आणि त्यात फोटो होता सृष्टीचा. वर्गातली हजेरी मात्र अंगठ्यावर, आणि अंगठा आधारला जोडलेला, म्हणजे बानाबाईंचा. पहिल्या दिवशी बानाबाई यंत्रासमोर उभ्या राहिल्या, तर ते लाल झालं. पदर मागं घेतला, तरी लाल. सृष्टी पुढं झाली, हिरवं झालं आणि फाटक उघडलं. काकासाहेबांनी वरून विचारून घेतलं आणि लेखी आदेश काढला, ‘नोंदीतील चेहरा व नोंदीतील अंगठा, दोन्ही रोज हजर राहावेत.’

मग सहा महिने मायलेकी रोज एकाच विद्यार्थ्याच्या नावावर कॉलेजात येत राहिल्या. सृष्टी तोंड दाखवायची आणि बानाबाई आत जाऊन अंगठा द्यायच्या. चेहरा तासाला लागत नसल्यामुळं सृष्टी दिवसभर मोकळीच असायची. आठवडाभर ती माझ्याकडं वर्तमानपत्रं चाळत बसली. नंतर दिसेनाशी झाली. नाटकाच्या हॉलमध्ये पोरं सतरंजीवर पडून श्वास मोजायला शिकतात, तिथं ती मागं जाऊन बसू लागली होती. कुणी हटकलं नाही. तिथं हजेरीचं यंत्रच नाही.

इकडं बानाबाई पहिल्या बाकावर. सुरुवातीला माऊसला हात लावताना त्या डावा हात पोटाशी घट्ट धरायच्या, तापलेल्या तव्याजवळ धरावा तसा. माहिती प्रणाली शिकवणाऱ्या मोनिका मॅडम वयानं त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. एकदा मॅडमनी प्रायमरी की समजावून सांगितली : तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीला अशी एक खूण हवी, जी दुसऱ्या कुणाचीच नसेल.

बानाबाईंनी हात वर केला. “नाव चालायचं नाय मग.”

“का हो, मावशी?”

“आमच्याकडं काळी नावाची तीन मेंढरं हायत. हाक मारली की तिन्ही येतात.”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “मग तुम्ही ओळखता कशावरून?”

“मायवरून. कोण कुनाच्या पोटचं, ते सांगायचं. मेंढरं दुसऱ्या कळपात घुसली तरी माय काय बदलत नाय.”

“आणि जुळी झाली तर?”

बानाबाई अडल्या. तास संपला तरी त्या जागेवरून उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या त्या वर्गाच्या दारातूनच म्हणाल्या, “आधी कोण पडलं ते लिवायचं, मॅडम! माय आन् नंबर, दोन्ही मिळून एक खूण!” दोन रकाने मिळून एक की करता येते, हे मॅडम त्या दिवशी शिकवणारच होत्या. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मग आज मी काय शिकवू?”

त्या दिवसापासून घरी बानाबाईंचं वागणं बदललं, असं खंडेराव सांगतात. भाकरी थापता थापता त्या मध्येच थांबायच्या. मेंढरांनाही त्या निराळ्याच नजरेनं बघायला लागल्या होत्या.

नोव्हेंबरात परीक्षा आली. ती कॉम्प्युटरवर. सुरू करायला अंगठा लागतो आणि नंतर तीन तास समोरचा कॅमेरा चेहरा बघत राहतो. चेहरा हलला किंवा नजर बाजूला गेली की कर्कश भोंगा. त्या दिवशी हॉलमध्ये पर्यवेक्षक मीच होतो. दोघी एकाच कॉम्प्युटरपुढं येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी नियमावली काढून दोनदा वाचली. कॅमेऱ्यापुढं नोंदीतला चेहरा असावा, असं लिहिलं होतं. ज्याचा अंगठा त्यानंच उत्तरं लिहावीत, असंही लिहिलं होतं. खुर्च्या किती असाव्यात, याबद्दल काहीच नव्हतं.

मी दुसरी खुर्ची आणवली.

सृष्टी कॅमेऱ्यासमोर ताठ बसली, हात मांडीवर. बानाबाई बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं वाकून, कीबोर्ड ओढून घेऊन लिहू लागल्या. तासाभरानं बानाबाई पुटपुटल्या, “जरा डावीकडं सरक, मला दिसंना.”

मी पुढं झालो. “परीक्षेत बोलायचं नाही.”

“म्या कुनाशी नाय बोलत, सर. माझ्याच तोंडाशी बोलतीया.”

मी परत माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. नंतर सृष्टीच्या नाकावर माशी बसली. पोरगी हलली नाही. माशी नाकावरून कपाळावर गेली, परत आली. हॉलमधली निम्मी पोरं पेपर सोडून तिकडंच बघत होती, आणि प्रत्येकाच्या कॉम्प्युटरचा भोंगा वाजत होता. तिचा तेवढा शांत. दारातून जाणाऱ्या नाटकाच्या सरांनी हे पाहिलं आणि ते तिथंच उभे राहिले.

निकाल लागला. बानाबाई सगळ्या विषयांत पास, तत्त्वज्ञानातसुद्धा. आता नोंद उघडली होती. काकासाहेबांनी खुशीनं तिघांना बोलावलं. “घ्या, झालं तुमचं काम. नाव बदलून सृष्टीचं करतो.”

सृष्टी म्हणाली, “मला कॉम्प्युटर नाय करायचं. पुढच्या साली मी नाटकाचा फॉर्म भरनार हाय.”

“अगं पन, जागा तुझ्यासाठी धरली ना?” खंडेराव म्हणाले.

“बसायला तर आई बसली.”

खंडेरावांनी बायकोकडं पाहिलं. बानाबाई टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होत्या. म्हणाल्या, “मला जुळ्यांच्या पुढचं शिकायचं हाय.”

“म्हंजे तू उठनार नाय?”

“नाय.”

खंडेरावांनी काकासाहेबांना विचारलं, “फोटो बदलायला किती येळ लागतो?” काकासाहेब म्हणाले, दहा मिनिटं. बानाबाईंनी पदर नीट केला आणि पांढऱ्या भिंतीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. फोटोत डोळे मिटलेले आले. तीनदा काढावा लागला.

सृष्टीनं पुढच्या जूनला आपला फॉर्म स्वतः भरला. ती आता नाटकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बानाबाई तिसऱ्या वर्षाला आहेत, मुलीच्या एक वर्ष पुढं. दोघी वेगवेगळ्या गाडीनं येतात, कारण बानाबाईंचा पहिला तास आठलाच असतो. कॉलेजच्या ग्रंथालयाची जुनी नोंदवही कॉम्प्युटरवर चढवायचं काम मी त्यांनाच दिलं आहे. एकाच नावाची चार पुस्तकं सापडली की त्या माझ्याकडं येतात आणि विचारतात, “सर, ह्यांची माय कोण?”

नेटवर्कचा त्यांचा एक पेपर मात्र राहिला आहे. तो त्या या हिवाळ्यात परत देणार आहेत.