अंबाडा गेला त्या दिवशी

माझ्या सासूबाई मला माझ्या आकारावरून ओळखतात, हे मला कळलं ते तो आकार गेल्यावर.

त्यांचं वय त्र्याण्णव. डोळ्यांचं असं झालंय की मधलं काही दिसत नाही, कडा तेवढ्या दिसतात. समोर कुणी उभं राहिलं तर चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग आणि भोवती त्या माणसाचा घेर. कानही गेलेत. यंत्र आहे, पण ते कानापेक्षा डबीतच जास्त असतं. मग अशा बाईच्या दृष्टीने मी कोण? तर स्वयंपाकघरातून येणारा एक मोठा गोल आणि त्याच्या मागे लागलेला एक छोटा गोल, म्हणजे माझा अंबाडा.

मागच्या वर्षी माझी शुगर फार वाढली. जीपीकडच्या, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडच्या, नर्सने समोर बसवून सांगितलं, वजन उतरवलंत तर गोळ्या कदाचित सुटतील. मग काही महिने नुसते शेक आणि सूप. आमचे हे जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत डॉक्टरकी केलेले, पण माझ्यासमोर आमटी-भात खायची त्यांनाही लाज वाटायची, ताट घेऊन पुढच्या खोलीत जायचे. चार स्टोन उतरले माझे. चार स्टोन म्हणजे पंचवीस किलो! एवढं ओझं घेऊन मी इतकी वर्षं ईलिंगमधल्या आमच्या घराचे जिने चढत होते की काय, असं वाटलं.

नेमक्या तेव्हा सासूबाई ग्लासगोला धाकट्या दिरांकडे होत्या. परत आल्या, मी दार उघडलं, वाकून नमस्कार केला, तर माझ्या डोक्यावरून ह्यांना विचारतात, "अरे, नवीन बाई ठेवलीस का? बरी आहे, सडपातळ आहे. पण सूनबाई कुठे गेली?"

आम्ही खूप हसलो. संध्याकाळी मी डोळ्यांत ड्रॉप्स घालायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला. "तू नको. सूनबाईला पाठव." तेव्हा मात्र हसू आलं नाही. अंग आक्रसून खुर्चीच्या एका बाजूला सरकल्या होत्या, परक्या माणसाला घाबरावं तशा. शेवटी मला काय सुचलं कोण जाणे, मी पाठ फिरवून उभी राहिले. अंबाडा दिसला तशा म्हणाल्या, "आहेस होय! मग बोलत का नाहीस?" मी मघापासून ओरडतच होते.

तेव्हापासून त्यांच्या खोलीत शिरले की मी आधी थोडी वळायची, मग पुढे जायची.

आणि मग केस जायला लागले. वजन भराभर उतरलं की काही महिन्यांनी असं होतं म्हणे, नर्स म्हणाली, येतील परत. पण कधी? बाथरूममध्ये, उशीवर, पोळीच्या कणकेत, जिकडे तिकडे माझे केस. मी अंबाड्याच्या आत ह्यांचा काळा मोजा गुंडाळून घालायला लागले. आरशात बघितलं की गाल बसलेला, मान काडीसारखी आणि मागे तो मोज्याचा गोळा. मंडळाच्या कार्यक्रमात एकीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कीमो चालू आहे का गं?" त्या दिवसापासून मी मंडळात जाणं टाळलं.

एडिनबराहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिचं मराठी इथलंच. "आई, तुझा केस किती पातळ झाला! कट कर ना. इट्स ओन्ली हेअर."

"अगं, आजी ओळखणार नाही मला."

"आजीला सांग."

सांग म्हणे! रोज सकाळी तेच ते पुन्हा सांगायचं, आणि रोज त्यांनी खुर्चीत आक्रसायचं? दोन आठवडे मला झोप लागेना. वय झालं आहे, एकदा आपल्या माणसाची ओळख सुटली की ती परत धरता येते की नाही, कुणास ठाऊक. माझ्या हातचंच खातात, माझ्याच हातून ड्रॉप्स घालून घेतात. मी परकी झाले तर त्यांचं करणार कोण?

पण एका सकाळी अंबाडा बांधता बांधता मोजा खाली पडला आणि हातात उंदराच्या शेपटीएवढी वेणी राहिली. मी तशीच उठले. हे सकाळी हॉस्पिटलमध्ये हृदयाच्या तपासणीला गेले होते, नेहमीचीच तपासणी. सासूबाईंजवळ कौन्सिलकडून देखभालीला येणारी बाई, केअरर, दोन तास होती. तेवढ्यात मी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन आले. तिथली पोलिश बाई म्हणाली, "डार्लिंग, लांब ठेवलेत तर टाळू दिसेल. आखूड कापले तर दाट दिसतील." कानाच्या वर कापले तिने, मागे मानेवर मशीन फिरवलं. दिसायला बरे होते हो. चेहरा एकदम मोकळा झाला. पण माझं लक्ष सगळं घराकडे.

केअरर गेली. मी खोलीच्या दारात उभी राहिले. वळून दाखवायला आता काही उरलंच नव्हतं.

"आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "किती उशीर! चहा टाक."

मी त्यांच्याजवळ जाऊन मटकन खालीच बसले. इतकं हायसं वाटलं की रडू आलं. कशावरून ओळखलं, मला आजही माहीत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात मागे गेला, मानेपर्यंत गेला, आणि तिथल्या खुंटांवर थांबला. मग त्यांनी माझं मनगट चाचपलं. बांगड्या मी महिनाभरापूर्वीच काढून ठेवल्या होत्या, हातातून आपोआप सुटायच्या म्हणून. माझ्या गालाला हात लावला, तर तो ओला.

"तो कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

"हॉस्पिटलमध्ये," मी ओरडून सांगितलं, आणि सांगताक्षणी माझ्या लक्षात आलं की त्यांच्या मनात काय चाललंय. त्यांच्या लहानपणी घरात त्यांची आत्या होती, विसाव्या वर्षी डोकं भादरलेली. तिचं डोकं दुखलं की ह्याच चेपून द्यायच्या, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

"आई, नाही हो! तपासणीला गेलेत. येतील आत्ता!"

त्यांना ऐकू गेलं नाही, की पटलं नाही. यंत्राची डबी शोधली तर सापडेना. ह्यांना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. तपासणीत फोन बंद ठेवतात, मला ठाऊक आहे. पण बारापर्यंत येतो म्हणाले होते आणि एक वाजत आला होता. खोटं कशाला बोलू, मलाही घाम फुटला. वाटलं, केस कापून आपण कशाला तरी आमंत्रण तर दिलं नाही? चाळीस वर्षांहून जास्त काळ या देशात काढून माझ्या मनात हे यावं!

आणि सासूबाई? मला वाटलं होतं, ऊर बडवतील. त्यांनी माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं. या बाईने मला लग्न झाल्यापासून कधी गोड शब्द ऐकवला नव्हता. पोळी जाड झाली, आमटीत गूळ जास्त झाला, एवढंच आमचं बोलणं. त्या दिवशी माझ्या खुंटांवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू कुठे जाऊ नकोस. भावाकडे-बिवाकडे काही जायचं नाही. इथेच राहायचं. आता आपण दोघीच."

मी मान वर काढू शकले नाही. त्यांना खरं सांगत होते, पण त्यांच्या मांडीत तोंड खुपसून, मग ऐकू कसं जाणार?

सव्वा वाजता किल्ली फिरली. हे आत आले, म्हणाले, "बस डायव्हर्ट केली होती. काय झालं दोघींना?" मी ह्यांना ओढत आणून त्यांच्यासमोर बसवलं. सासूबाईंनी ह्यांचे कान, नाक, टक्कल सगळं चाचपलं, मग एक चापट दिली. "फोन करता येत नाही तुला?" आणि लगेच माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? कुणाला विचारून कापलेस?"

"कुणालाच नाही, आई."

"दिसतंच आहे. चहाचं काय झालं?"

मी चहा टाकायला गेले.

त्यानंतर त्या मला एकदाही परकी समजल्या नाहीत. पण आता रोज सकाळी ड्रॉप्स घालायला वाकले की त्यांचा हात आधी माझ्या मानेवर जातो, खुंटांवर थांबतो, आणि विचारतात, "तो उठला का?" ह्यांनी येऊन हात हातात दिल्याशिवाय त्या मान मागे टाकत नाहीत. सलूनवालीने मानेवर परत मशीन फिरवायला गुरुवारी बोलावलंय. ती अपॉइंटमेंट मी अजून रद्द केलेली नाही, आणि जाईन असंही काही नाही.