पिशवीचा तुकडा

अकोल्याच्या ढोरांच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरीणबाईचं नाव काही मी इचारलं नाही. माझ्या मेलेल्या बायकोची गाय लाल मुतत होती. बाईनं तपासलं, हातमोजा काढला अन् गायीच्या पाठीवर उघडा हात ठेवूनच बोलली, "बाबा, मुताच्या पिशवीत कॅन्सर आहे. पेशी एकमेकींना प्रथिनांच्या हाती निरोप धाडतात, आता वाढू नको म्हणतात. हिचे ते निरोपच बिघडले."

"मंग सांगा ना त्याईले थांबाले!"

"ते अजून जमत नाही. ही गेली की पिशवीचा तुकडा द्याल? आमी तेच शोधून राहिलो."

आमच्यात गाय अख्खी पुरतात. तरी हो म्हटलं. बायको कशानं गेली, हे मले कोन्याच डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.