दुसरा कप

कित्येक महिने किमती बघून घरासाठी एस्प्रेसो मशीन शेवटी सेलमध्ये निम्म्या दरात घेतलं. लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलो, तर शेजारी बसलेले एक चाचा त्यावर बोटानं टकटक करायला लागले.

"केवढ्याला बसलं?"

मी आकडा सांगितला.

"तरी लई झालं." मग वीज किती खातं, चहा व्हतो का, दूध कुठं घालायचं. मी वैतागलो.

"एका टायमाला किती कप?"

"दोन."

"घरात माणसं किती?"

"मी एकटाच."

तेवढ्यात त्यांचं गाव, बेंबळी, आलं. उतरताना खोकं माझ्याकडं नीट सारून म्हणाले, "कुणाला तरी बोलवत जावा."

मशीनला खरंच दोन तोट्या आहेत, दोन्ही कप एकदमच भरतात. रोज सकाळी दुसरा कप मोरीत ओतताना मला त्या माणसाचाच राग येतो.