शेवट न दाखवणाऱ्या मॅडम

लग्न झाल्यापासून मी घरात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही. याला जबाबदार आमची बायको. ती कॉलेजात व्यवस्थापन शिकवते, तेही सिनेमे दाखवून. पडद्यावर खेळण्यांच्या कारखान्याचा म्हातारा मालक कारखाना विकायच्या कागदावर सही करायला पेन उचलतो, की ही सिनेमा बंद करते. "मालक तुम्ही. आता ठरवा." मग तास संपेपर्यंत वर्गात भांडणं. तिचं म्हणणं, शेवट कळला की पोरं डोकं चालवायचं सोडतात आणि दिग्दर्शकाच्या होला हो मिळवतात.

घरी तासाची तयारी करताना हाच प्रश्न ती मला टाकते. माझं उत्तर ठरलेलं: "पुढे लाव, मग सांगतो."

"तू जन्मभर काठावरच बस," ती म्हणते.

परवा प्राचार्यांनी तिला बोलावलं. "हे कॉलेज आहे, थिएटर नाही. पुस्तकातून शिकवा, नाहीतर दुसरीकडे नोकरी बघा."

"पुस्तकातली कंपनी बुडते तेव्हा कुणाच्या पोटात गोळा येत नाही, सर," ही म्हणाली.

काल वर्गातला प्रोजेक्टर गायब. छताला नुसत्या वायरी लोंबत होत्या आणि शेवटच्या बाकावर प्राचार्य स्वतः ठाण मांडून बसले होते. आमचं माणूस बधणारं नव्हे. तिने सिनेमा तोंडीच सांगितला. एका कॉलेजात एक वर्ग भरभरून चालतो आणि तिथल्या प्रमुखाला तो बंद करायचाय. त्याचीही बाजू तिने नीट मांडली: पालक कुरकुरतात, वरून जाब विचारतात, बिचारा कात्रीत सापडलाय. पोरांची जुंपली. काही जण तावातावाने त्याच्याच बाजूने बोलले आणि तिने त्यांना बोलू दिलं.

"मग त्याने काय केलं?" मागून प्राचार्यांनीच विचारलं.

"शेवट मी दाखवत नाही, सर."

ते उठून गेले. प्रोजेक्टर काही परत आला नाही. हे सगळं तिने रात्री जेवताना सांगितलं.

आज सकाळी उठून बघतो, तर ही बैठकीतल्या टीव्हीच्या वायरी काढतेय.

"कॉलेजच्या फाटकावरच अडवलं तर? नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. पुस्तक वाचून दाखवायला मी जाणार नाही." तिने टीव्हीची एक बाजू धरली. एकटीला तो उचलणं शक्यच नव्हतं. "दुसरी बाजू धरायची की नाही, तू ठरव."

मी दुसरी बाजू धरली.

"जिना अरुंद आहे," म्हणालो. "तू पुढे हो."